नर्तकाचें पाऊल आणि नर्तकाचें मन

नृत्य पाहणाऱ्याला जें दिसतें त्याहून जें त्याच्यापासून लपविलें जातें तें फार मोठें असतें. रंगमंचावर पाऊल भूमीस टेकतें न टेकतें तोंच दुसरी झेप घेतली जाते. मुद्रेवर स्मित असतें. धाप लागल्याचें चिन्हहि कोठें दिसत नाहीं. पडदा पडल्यावर तेंच पाऊल चपलेंतून बाहेर निघतें, तेव्हां सुजलेला सांधा, सोललेलें कातडें आणि काळवंडलेलीं नखें दृष्टीस पडतात. हीं दुखणीं नर्तकाच्या वाट्यास कां येतात, असें शंभर वर्षांपूर्वीं कोणी विचारलें असतें तर उत्तर सोपें होतें: रंगमंचाच्या फळ्या कठीण होत्या, हाड नाजुक होतें, किंवा नशीब वाईट होतें. मनाचा संबंध त्या ठिकाणीं कोणी फारसा जोडला नसता. मन हा कवीचा विषय आणि घोटा हा वैद्याचा, अशी ती वांटणी होती.

ही वांटणी चुकीची होती हें उमगण्यास फार काळ लागला. दुखापतीच्या कामीं नर्तकाचें मन तीन वेळां उपस्थित असतें: दुखापत घडण्यापूर्वीं, ती घडल्यावर सांगावी कीं लपवावी हें ठरवितांना, आणि ती बरी होत असतां. पाश्चात्य बॅले-नृत्याच्या गेल्या दोनशें वर्षांच्या इतिहासांत या तिन्ही प्रसंगांचे पुरावे विखुरलेले आहेत. ते एकत्र ठेवून पाहिले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. नर्तकाला ज्या गुणासाठीं जग गौरवितें, तो सोसण्याचा गुणच पुष्कळदां त्याचा घात करतो.

या इतिहासाचा आरंभ मारी ताल्योनी हिच्यापासून करणें योग्य होईल. मारी ही १८०४ सालीं स्टॉकहोम येथें जन्मली. तिचा बाप फिलिप्पो ताल्योनी हा स्वतः नृत्याचा शिक्षक व रचनाकार होता. १८२२ सालीं व्हिएन्ना येथें तिचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. त्यापूर्वीं कांहीं महिने बापानें तिला रोज सहा सहा तास राबविलें. तालमीच्या अखेरीस ती मूर्च्छित पडण्याच्या बेतास येई, असें तिचे चरित्रकार सांगतात. मुलीचे खांदे किंचित् पुढें झुकलेले, हात प्रमाणाबाहेर लांब, रूपहि बेताचें. या सर्व उणिवा श्रमानें झांकून टाकावयाच्या, असा बापाचा निश्चय होता, आणि तो त्यानें तडीस नेला. १२ मार्च १८३२ रोजीं पॅरिसच्या ऑपेरागृहांत 'ला सिल्फीद' हें नृत्यनाट्य झालें, आणि पायाच्या बोटांच्या टोकावर तरंगणारी ती वायुकन्या पाहून रसिक युरोप मोहित झाला. तिच्यापूर्वींहि कांहीं नर्तकी बोटांच्या टोकावर उभ्या राहत. परंतु तो प्रकार कसरतीसारखा दिसे. ताल्योनीनें त्या कसरतींतील श्रम पुसून टाकले. तिच्या पायांत आजच्यासारखी कडक टोकाची चपलहि नव्हती. मऊ सॅटिनच्या चपलेस बाजूनें टांके घालून ती किंचित् घट्ट केलेली असे, आणि शरीराचा सारा भार बोटें, घोटा व पोटरी यांच्या बळावरच तोलावा लागे.

श्रम दिसूं द्यावयाचे नाहींत, हा त्या काळापासून बॅले-नृत्याचा जणुं पहिला नियम झाला. कलेच्या दृष्टीनें हा नियम थोर आहे यांत शंका नाहीं. नर्तकी कण्हत कुंथत नाचूं लागली तर वायुकन्येचा भास टिकणार कसा? परंतु हा नियम रंगमंचापुरता मर्यादित राहिला नाहीं. आठव्या-नवव्या वर्षीं नृत्यशाळेंत आलेल्या मुलीनें जो धडा रोज आरशासमोर गिरवावयाचा, तो आरशापाशींच संपत नसतो. हसऱ्या मुद्रेनें वेदना झांकण्याची संवय ती तालमींत घेऊन जाते, शिक्षकासमोर घेऊन जाते, आणि अखेर वैद्यासमोरहि घेऊन जाते. पुढें पुढें ती वेदना स्वतःपासूनहि लपवूं लागते.

वेषाच्या बाबतींत हा नियम किती घातक ठरूं शकतो तें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आगीनें दाखवून दिलें. त्या काळीं रंगमंचावर गॅसचे दिवे उघडे जळत, आणि नर्तकींचे झगे अतिशय तलम, जाळीदार कापडाचे असत. डिसेंबर १८४४ मध्यें लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहांत क्लारा वेब्स्टर या तरुण नर्तकीचा झगा भर प्रयोगांत पेटला आणि दोनतीन दिवसांतच तिचा अंत झाला. अशा दुर्घटना पुनः पुनः होऊं लागल्या, तेव्हां फ्रान्सच्या बादशाही सरकारनें १८५९ सालीं हुकूम काढला कीं, रंगमंचावरील वस्त्रें आग न धरणाऱ्या द्रावणांत बुडवून घेतलीं पाहिजेत. उपाय खरा होता. परंतु त्या द्रावणानें कापड ताठर होई आणि त्याची पांढरी झळाळी मंद पडे.

एमा लिव्री ही त्या वेळीं पॅरिसची सर्वांत आशादायक नर्तकी होती. ती १८४२ सालीं जन्मली आणि सोळाव्या वर्षीं 'ला सिल्फीद' मधूनच प्रेक्षकांसमोर आली. निवृत्त झालेली ताल्योनी तिला पाहावयास मुद्दाम पॅरिसला आली, आणि तिच्यासाठीं तिनें १८६० सालीं 'ले पापियों' म्हणजे 'फुलपांखरूं' हें नृत्यनाट्य रचलें. त्याचें संगीत ऑफेनबाख यानें दिलें होतें. त्या कथेंत फुलपांखरूं झालेली नायिका ज्योतीकडे झेपावते आणि तिचे पंख जळतात. लिव्रीनें अग्निरोधक झगा घालण्याचें साफ नाकारलें. आपण नेहमींच्याच झग्यांत नाचूं आणि जें होईल त्याची जबाबदारी आपली, असें तिनें ऑपेराच्या चालकांना लेखी कळविलें. १५ नोव्हेंबर १८६२ रोजीं एका संगीतिकेच्या तालमीच्या वेळीं गॅसच्या दिव्याजवळ तिचा झगा पेटला. ज्वाळांनीं वेढलेली ती मुलगी रंगमंचावर सैरावैरा धांवली. आग विझविण्यांत आली, परंतु शरीर फार होरपळलें होतें. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजीं ती वारली. त्या झग्याचे जळके अवशेष पॅरिसच्या ऑपेरा-संग्रहालयांत जपून ठेविले आहेत.

या प्रसंगास केवळ अपघात म्हणतां येत नाहीं, आणि केवळ हट्ट म्हणणेंहि अन्यायाचें होईल. लिव्रीला धोका ठाऊक होता. परंतु आगीचें भय दूरचें होतें. जड व मळकट दिसण्याचें भय रोज सायंकाळीं समोर बसलेलें असे. जिची सारी प्रतिष्ठा हलकेपणावर उभी आहे, तिला ताठर झगा म्हणजे संरक्षण न वाटतां अपमान वाटला. आजारपणांत त्या झग्यांचा विषय निघाला असतां, ते कमी धोक्याचे खरे, परंतु पुनः रंगमंचावर गेलें तरी असले कुरूप झगे घालणार नाहीं, अशा आशयाचें तिनें उत्तर दिलें, असें नमूद आहे. कोणता धोका मोठा हें ठरविण्याची तिची मोजपट्टीच या कलेनें बदलून टाकली होती.

स्वतःच्या मनाप्रमाणें भोंवतालच्या मनांचाहि वाटा दुखापतींत असतो. रशियांतील सेंट पीटर्सबर्गच्या राजकीय नृत्यशाळेंत वास्लाव निजिन्स्की हा पोलिश नर्तक-कुटुंबांतला मुलगा शिकत होता. त्याची झेप असामान्य होती आणि म्हणूनच ती कित्येक सहाध्यायांच्या डोळ्यांत खुपत होती. १९०१ सालीं त्यांनीं त्याला एका जड लांकडी घोडीवरून उडी मारण्याची पैज घातली आणि ती उडी फसेल अशी व्यवस्था करून ठेविली. तो घोडीवर आदळला. त्याच्या पोटांत गंभीर इजा झाली आणि कांहीं दिवस तो बेशुद्ध होता. रुग्णालयाच्या दप्तरीं अशा घटनेची नोंद पडून झालेली इजा अशीच होणार. मत्सर, स्पर्धा आणि आव्हान न नाकारण्याची मुलाची जिद्द हीं त्या नोंदींत कधींच येत नाहींत.

त्याच शाळेंतून बाहेर पडलेली आना पाव्हलोव्हा ही जगाच्या कानाकोपऱ्यांत पोंचली. १९२२-२३ च्या पूर्वेकडील दौऱ्यांत ती मुंबईसहि येऊन गेली, आणि १९२३ सालीं लंडनमध्यें तरुण उदयशंकर तिच्याबरोबर राधा-कृष्णाच्या नृत्यांत उतरला. पाव्हलोव्हाच्या पायाची कमान फार उंच होती. त्यामुळें बोटांच्या टोकावर उभें राहतांना तिच्या पायावर विशेष ताण पडे. तिनें चपलेच्या तळाशीं कठीण चामडें घालून व टोंक रुंद करून पायास आधार दिला. ही युक्ति शहाणपणाची होती, आणि आजच्या चपलेची घडण पुष्कळ अंशीं त्याच दिशेनें गेली आहे. परंतु त्या काळीं कित्येकांना ती लबाडी वाटली. आणि तिच्या छायाचित्रांतून चपलेचें टोंक खरडून निमुळतें केलें जाई, असें सांगतात. आधार घेणें ही लाजेची गोष्ट ठरली, ती अशी. १९३१ च्या जानेवारींत प्रवासांत थंडी बाधून पाव्हलोव्हाला फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. पुनः नाचतां येणार नाहीं अशी शस्त्रक्रिया तिनें नाकारली, अशी कथा प्रसिद्ध आहे. २३ जानेवारी रोजीं हेग येथें ती वारली. पन्नासावें वर्ष पुरें होण्यास तीन आठवडे उरले होते.

अशा कथा ऐकतांना श्रोत्याचें मन आदरानें भरून येतें, आणि तें साहजिक आहे. परंतु त्याच सुमारास प्रयोगशाळांतून एक वेगळी माहिती हळूहळू बाहेर येऊं लागली होती. अमेरिकेंतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यानें १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, भय व क्रोध हे केवळ मनाचे विकार नाहींत. त्यांच्या योगानें रक्तांत विशिष्ट द्रव्यें मिसळतात, हृदय वेगानें चालतें आणि स्नायु झुंजण्यास अगर पळण्यास सज्ज होतात. १९३६ सालीं हान्स सेल्ये यानें असें प्रतिपादिलें कीं, ताण कोणत्याहि प्रकारचा असो, शरीर त्याला एका ठराविक रीतीनें तोंड देतें आणि तो ताण फार दिवस टिकला तर थकून जातें. हेन्री बीचर या वैद्यानें दुसऱ्या महायुद्धांत इटलीतील रणभूमीवर जबर जखमी झालेल्या सैनिकांना विचारपूस केली. त्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश लोकांनीं वेदनाशामक औषध नको म्हणून सांगितलें. आपण जिवंत राहिलों आणि आतां घरीं जाणार, या जाणिवेनें त्यांची वेदना बोथट केली होती. बीचरचा हा लेख १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९६५ सालीं मेल्झॅक व वॉल या दोघांनीं मांडलें कीं, वेदनेचे संदेश मेंदूकडे जातांना पाठीच्या कण्यांत जणुं एक दार असतें, आणि मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांनींहि तें कमीअधिक उघडतें वा मिटतें.

नर्तकाच्या दृष्टीनें या शोधांचा अर्थ फार गंभीर होता. प्रयोगाच्या रात्रीं घोटा दुखत नाहीं याचा अर्थ घोटा बरा आहे असा होत नाहीं. उत्साहानें व भयानें तें दार तेवढ्यापुरतें मिटलेलें असतें, इतकेंच. वेदना ही शरीराची पहारेकरीण आहे. तिला गप्प बसविण्याचें शिक्षण वर्षानुवर्षें घेतलेल्या माणसाला घरांत चोर शिरल्याची वार्ता फार उशिरां कळते.

मनांतून हाडापर्यंत जाणारा आणखी एक मार्ग भुकेचा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बॅलेच्या रंगमंचावर अत्यंत कृश, लांबट अंगलटीची आवड वाढत गेली. मुली आरशाला भिऊं लागल्या आणि पानावरून अर्धपोटीं उठूं लागल्या. न्यूयॉर्कमधील नामांकित नर्तकी गेल्सी कर्कलंड हिनें १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत उपासमार, मादक द्रव्यें व दुखापती यांची आपली कहाणी न लपवितां सांगितली आहे. त्याच वर्षीं मिशेल वॉरेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेच्या एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांत ७५ व्यावसायिक बॅले-नर्तकींची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारें चतुर्थांश नर्तकींच्या पाठीच्या कण्यास बांक आलेला होता आणि निम्म्याहून अधिक जणींचें एखादें तरी हाड मोडलेलें होतें. ज्यांना ऋतुप्राप्ति फार उशिरां झाली होती त्यांच्यांत अस्थिभंगाचें प्रमाण अधिक आढळलें. सांखळी अशी आहे: लठ्ठ दिसण्याचें भय, त्यामुळें अपुरें अन्न, त्यामुळें शरीरांतील स्त्रीत्वाच्या द्रव्यांचा तुटवडा, त्यामुळें हाडांचा ठिसूळपणा, आणि शेवटीं एखाद्या साध्या उडींत हाडास पडलेली बारीक चीर. क्ष-किरणांच्या चित्रांत या सांखळीचा शेवटचा दुवा तेवढा दिसतो.

अशा रीतीनें सुटे सुटे धागे जमत होते. त्यांचें एक सुसंगत शास्त्र होण्यास १९८८ साल उजाडावें लागलें. अँडरसन व विल्यम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनीं त्या वर्षीं खेळाडूंच्या दुखापतींविषयीं एक उपपत्ति मांडली. घरांतील मृत्यु, नात्यांतील तुटातूट, पैशाची विवंचना, भूमिका हातची जाण्याची भीति, असा भार मनावर असतांना माणूस कठीण प्रसंगास सामोरा गेला म्हणजे दोन गोष्टी घडतात. एक तर स्नायु नको तेवढे ताठ होतात आणि परस्परांशीं मेळ ठेवीत नाहींत. दुसरें असें कीं, लक्ष आंकुंचित होतें. डोळ्यांच्या कडेनें जें दिसावयास हवें तें दिसत नाहीं. नर्तकाच्या बाबतींत जोडीदाराचा पुढें आलेला हात, फळीवरील ओलसर डाग, किंवा चपलेची सुटूं लागलेली फीत अशा वेळीं ध्यानांत येत नाहीं. पाय मुरगळतो तो त्याच क्षणीं. परंतु त्याची तयारी कित्येक दिवस मनांत चाललेली असते.

ही उपपत्ति खेळाडूंची असली तरी नर्तकांनाहि ती लागू पडते असें पुढील अभ्यासांतून दिसूं लागलें. १९८९ सालीं न्यूयॉर्कमधील अस्थिवैद्य विल्यम हॅमिल्टन व मानसशास्त्रज्ञ लिंडा हॅमिल्टन यांनीं सहकाऱ्यांसह अमेरिकेंतील अग्रगण्य बॅले-मंडळ्यांतील प्रमुख नर्तकांच्या स्वभावाचा, ताणाचा व दुखापतींचा एकत्र विचार केला. आपल्या शक्तीबाहेर धांवणाऱ्या, थांबणें ठाऊकच नसलेल्या स्वभावाचा दुखापतींशीं संबंध त्यांना आढळला. पुढच्याच वर्षीं, १९९० मध्यें, नृत्यवैद्यक व नृत्यविज्ञान यांच्यासाठीं एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ब्रिटनमध्यें १९९६ सालीं पीटर ब्रिन्सन व फिओना डिक यांनीं नर्तकांच्या प्रकृतीचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. चौकशीपूर्वींच्या एका वर्षांत दर दहांपैकीं आठांहून अधिक नर्तकांना कांहीं ना कांहीं दुखापत झालेली होती. आणि दुखापतीचें कारण म्हणून त्यांनीं थकवा व अतिश्रम यांनाच मुख्यत्वें दोष दिला. २००५ च्या दुसऱ्या अहवालांतहि चित्र फारसें पालटलें नव्हतें.

मग नर्तक विश्रांति कां घेत नाहींत? याचें उत्तर केवळ पोटाच्या प्रश्नांत सांपडत नाहीं, जरी तो प्रश्न मोठा आहे. लंडनच्या रॉयल बॅलेमधील नर्तकांशीं दीर्घ संभाषणें करून वेनराइट, विल्यम्स व टर्नर या समाजशास्त्रज्ञांनीं २००५ सालीं एक निबंध लिहिला. त्याचें सार असें कीं, दुखापतीनें नर्तकाचें हाड मोडतें तेव्हां त्याची स्वतःविषयींची कल्पनाहि मोडते. कारकुनाचा पाय मोडला तर तो पाय मोडलेला कारकून असतो. नर्तकाचा पाय मोडला तर आपण कोण, हाच प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. म्हणूनच तो दुखणें सांगत नाहीं. सांगणें म्हणजे भूमिका दुसऱ्याच्या हातीं देणें, आणि स्वतःचें नांव पुसूं देणें, असें त्याला वाटतें.

मनाचा तिसरा भाग दुखापतीनंतरचा. येथें मात्र इतिहासांत उजेडहि दिसतो. क्यूबाची आलिसिया आलोन्सो हिच्या डोळ्याचा आंतला पडदा १९४१ सालीं सुटला. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारें एक वर्ष तिला डोकें न हालवितां पडून राहावें लागलें. हंसणें, रडणें, कूस पालटणें, सर्व वर्ज्य होतें. त्या अवधींत 'जिझेल' या नृत्यनाट्यांतील सारी भूमिका तिनें मनांतल्या मनांत बसविली. पाऊल हालवितां येत नसे म्हणून बोटांनीं पावलें टाकून ती तालीम करी, आणि तिचा पति फर्नांदो तिला साह्य करी. २ नोव्हेंबर १९४३ रोजीं न्यूयॉर्क येथें आलिसिया मार्कोव्हा आजारी पडल्यामुळें ती भूमिका अचानक तिच्याकडे आली, आणि ती तिनें गाजविली. दृष्टि अधूच राहिली, तरी पुढें कित्येक दशकें ती नाचली, आणि २०१९ सालीं ९८ व्या वर्षीं वारली.

आपल्याकडे मुंबईची सुधा चंद्रन हिची कथा घराघरांत ठाऊक आहे. १९८१ च्या मे महिन्यांत तमिळनाडूंत झालेल्या बसच्या अपघातानंतर तिच्या पायाची जखम चिघळली आणि सोळाव्या वर्षीं गुडघ्याखालीं पाय कापावा लागला. जयपूरचे वैद्य प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं घडविलेला 'जयपूर पाय' तिनें बसवून घेतला. भरतनाट्यम् अनवाणी आणि जोरानें पाय आपटून करावयाचें असतें. लांकडी टांचेच्या परदेशी पायानें तें साधलें नसतें. लवचीक रबराच्या पायानें तें साधलें, परंतु पहिल्या दिवसांत रक्त आणि वेदना यांवांचून नव्हे. १९८४ सालीं ती पुनः रंगमंचावर आली, आणि १९८६ च्या 'नाचे मयूरी' या हिंदी बोलपटांत तिनें आपलीच कथा अभिनयानें सांगितली.

या दोघींच्या धैर्यास तोड नाहीं. तथापि अशा कथा सांगतांना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या कथांतून पुष्कळदां एवढाच बोध घेतला जातो कीं, मन खंबीर असेल तर शरीराचें कांहीं चालत नाहीं. वस्तुतः आलोन्सोनें वर्षभर जें केलें तें निश्चल पडून राहणें होतें; वैद्यांची आज्ञा मानणें होतें. सुधा चंद्रननें वेदना सोसली ती कुशल कारागिरांच्या व वैद्यांच्या आधारानें, आणि दोनअडीच वर्षें धीर धरून. जिद्द ही येथें आधार झुगारणारी नाहीं, आधार घेणारी आहे. लिव्रीची जिद्द आणि या दोघींची जिद्द यांतील भेद हाच. दक्षिण कोरियांतील बॅले-नर्तकांवर केलेला व २००७ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोगहि याच दिशेनें बोट दाखवितो. ज्या नर्तकांना मन शिथिल करणें, डोळ्यांसमोर चित्र आणणें आणि स्वतःशीं योग्य रीतीनें बोलणें यांचें कांहीं आठवडे शिक्षण देण्यांत आलें, त्यांचे दुखापतींत गेलेले दिवस इतरांच्या मानानें कमी भरले. मनाला शिकवितां येतें. परंतु त्याला सोसावयासच शिकवावें असें नाहीं.

येथवर नर्तकाच्या मनाचा विचार झाला. प्रेक्षकाच्या मनाचा विचार केल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं, आणि त्यासाठीं महाराष्ट्राबाहेर जावयास नको. तमाशाच्या रंगमंचावर विठाबाई नारायणगांवकर हिचें नांव अजरामर आहे. दिवस भरलेले असतां ती फडावर नाचत होती. कळा येऊं लागतांच ती पडद्यामागें गेली, प्रसूत झाली, दगडानें नाळ तोडली आणि पुनः प्रेक्षकांसमोर नाचावयास उभी राहिली, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. राष्ट्रपतींच्या हस्तें गौरविलेली ही थोर कलावती २००२ सालीं वारली. तिच्या मृत्यूनंतर महाराष्ट्र शासनानें तिच्या नांवानें पुरस्कार सुरू केला. ती हकीकत आपण आजहि अभिमानानें सांगतों. परंतु त्या रात्रीं खेळ थांबला असता तर फडावरील माणसांच्या पोटाचें काय झालें असतें, तिकीट काढून आलेल्या गर्दीनें काय केलें असतें, हा प्रश्न त्या अभिमानांत सहसा विचारला जात नाहीं. पडद्यामागील बाईला उठून यावें लागलें तें केवळ कलेच्या प्रेमानें नव्हे. पुढें बसलेल्यांच्या अधीर मनाचाहि त्यांत भाग असला पाहिजे.

आज शहरांतील कित्येक सुशिक्षित घरांतून मुलीमुलांना भरतनाट्यम् वा कथक शिकावयास धाडलें जातें. घुंगुर बांधलेलीं तीं लहान पावलें फरशीवर आपटतात तेव्हां आईबापांस मोठा आनंद होतो. वर्गांत कधीं एखादें मूल गुडघा दुखतो म्हणून बाजूस बसतें. त्या मुलाकडे गुरु, आईबाप आणि बरोबरीचीं मुलें कोणत्या दृष्टीनें पाहतात, यावर पुष्कळ अवलंबून असतें. हसें झालें, आळशी म्हटलें, किंवा अमकीनें ताप असतांहि कसें नाचून दाखविलें याचा दाखला दिला, तर तें मूल पुढच्या वेळीं गप्प राहील आणि त्याचा गुडघा आंतल्या आंत झिजत जाईल. उलट, 'कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, रात्रीं झोंप लागते ना, पोटभर जेवतेस ना' असें कोणी मायेनें विचारलें, तर दुखणें वेळीं कळेल आणि वेळींच उपायहि होईल. दोनशें वर्षांच्या या इतिहासांत एमा लिव्रीपासून कित्येकींना सुंदर दिसण्याविषयीं, हलकें होण्याविषयीं आणि सोसण्याविषयीं पुष्कळ सांगण्यांत आलें. कुठें दुखतें आहे का, हें मात्र त्यांना फार थोड्यांनीं विचारलें, आणि तेंहि बहुधा उशिरां.